नाकाकडचा ठिपका

"हात हलतोय तुमचा," समोरची बाई म्हणाली. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. तुमच्या कॉलरला दोरा चिकटलाय हे जसं सांगतात तसं. ती शिंपीण होती. कपड्यांच्या कारखान्यात यंत्राची सुई तुटून तिच्या डाव्या डोळ्यात घुसली होती, आणि त्या जागी बसवायचा खोटा डोळा करून घ्यायला ती आली होती. ज्या हाताबद्दल ती बोलली तो हात डोळे रंगवणारीचा. त्या हातात एक छोटी पारदर्शक मोजपट्टी होती, शिंपिणीच्या धडक्या उजव्या डोळ्यापासून दोन बोटांवर धरलेली, आणि बुबुळ साडेअकरा मिलिमीटर की बारा हे सांगायला पट्टी तयार नव्हती, कारण तिच्यावरच्या रेघा नुसत्या डुगडुगत होत्या. "चहा जास्त झाला सकाळी," रंगवणारी म्हणाली. "सुईत दोरा ओवणाऱ्याला समोरच्याचा हात आधी दिसतो," शिंपीण म्हणाली. "तोंड मागनं." दोघी हसल्या. आतल्या खोलीत खुर्ची करकरली आणि रंगवणारीचं हसू तिथंच विरलं. आत काका होते.

चहा नव्हता. त्या दिवशी तिनं घोटभरही घेतला नव्हता. जिना होता. खाली चष्म्याचं दुकान, वर दोन मजले, अठ्ठेचाळीस पायऱ्या, आणि एकतिसाव्या पायरीवर तिच्या छातीनं नेहमीसारखा संप पुकारला होता. तिनं भिंतीकडे तोंड केलं, पर्समधून निळा पंप काढला, खळखळ हलवला, दोनदा ओढला. तो थंड कडवट फवारा टाळूवर बसला. मग ते सुख. छातीला बांधलेली दोरी कुणी एकेक गाठ सोडवत न्यावी तसं. उरलेल्या सतरा पायऱ्या ती गाणं म्हणत चढली असती. पण पंप नुसती दोरी सोडून जात नाही, जाताना आत एक मोटार चालू करून जातो. आधी काळीज धावायला लागतं, कुणी मागे लागलेलं नसताना. मग गुडघ्यांत पोकळी. मग बोटं. ही थरथर बघणाऱ्याला दिसेलच असं नाही. बसमध्ये, भाजीच्या दुकानात, नवऱ्याच्या शेजारी ती कुणाला दिसली नसती. पण ज्या बाईचं पोट केसाहून बारीक कुंचल्यावर चालतं तिला ती दिसते, आणि त्या दिवशी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, गिऱ्हाइकाला दिसली.

आणि काकांनी ऐकलं का? त्या आठवड्यात तिनं दुसरा विचार केला नाही. म्हणजे केले, भांडी घासली, मुलीच्या शाळेचा फॉर्म भरला, पण त्या सगळ्याच्या खाली हा एकच. काका तिचे कुणी नव्हते. सगळेच त्यांना काका म्हणत. एकोणिसाव्या वर्षी ती त्यांच्याकडे झाडलोटीला आली आणि सहा महिन्यांत त्यांनी तिच्या हातात कुंचला दिला. "रेघ हातानं नाही ओढायची," ते म्हणाले होते, "रेघ श्वासानं ओढायची. श्वास धर, रेघ ओढ, श्वास सोड. मध्ये सोडलास तर रेघेला पोट येतं." एका बुबुळात दोनशे, अडीचशे रेघा. म्हणजे एका डोळ्यासाठी अडीचशे वेळा श्वास धरायचा. तेव्हा तिला गंमत वाटायची. पाण्याखाली किती वेळ राहता येतं असा खेळ खेळल्यासारखं. तिच्या शेजारच्या टेबलावर काकांचा धाकटा भाऊ बसे. उमदा माणूस, गिऱ्हाइकांना हसवून हसवून त्यांचा खरा डोळा ओला करणारा आणि मग "आता रंग बघता येत नाही, डोळं पुसा" म्हणून दटावणारा. त्याचा हात हलायला लागला. दारू नव्हती, काही नव्हतं, नुसता हलायला लागला. एक दिवस गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना काका उठले, भावाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि रेघ अर्धी असताना त्याच्या बोटांतून कुंचला काढून घेतला. लहान पोराच्या हातातून सुरी काढून घेतात तसा. "कारागिराचा हात हलला की तो कारागीर नाही," ते म्हणाले, "तो गिऱ्हाईक." भावानं कुंचल्याची जागा पाहिली. म्हणजे आपल्या बोटांमधली ती रिकामी जागा. मग कडा गुळगुळीत करायच्या घासकामाच्या चाकावर बसला, महिनाभर, आणि मग येईनासा झाला; हल्ली त्या चाकावर काकाच बसतात. तो कुंचला त्या दिवशी काकांनी तिला दिला. अजून त्याच मुठीचा कुंचला ती वापरते, केस तेवढे बदलते.

म्हणून काकांना पंप माहीत नव्हता. तीन वर्षं झाली, माहीत नव्हता. दमा हा शब्दच त्या दोन खोल्यांत कधी उच्चारला गेला नव्हता. तिची ती खोकल्याची उबळ म्हणजे धूळ, शिट्टी वाजते ती सर्दी, मधूनच संडासात जाऊन नळ सोडून बसते ते पोटाचं काहीतरी. नळाच्या आवाजात पंप ओढायचा. घाईघाईत, एक ओढ आत गेली न गेली तोच दुसरी, अर्धी जिभेवर. वर त्या द्रवाचा वास. पांढऱ्या पावडरीत तो द्रव कालवला की डोळ्याचं कवच होतं आणि वास मात्र खोलीत राहतो, नखांच्या रंगासारखा, त्याच्या दसपट. आधी तिला तो वास आवडायचा. आता तो दारातच तिची गचांडी धरतो.

"आज मांजर झोपलेलं नाही वाटतं," नवरा सकाळी म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलाही आवाज ऐकला की त्याला त्यातला बिघाड ऐकू येतो. तिच्या छातीतल्या घुरघुरीला त्यानं मांजर नाव ठेवलंय. "दूध पाज की त्याला. पंप घे." "घेतला," ती म्हणाली. घेतला नव्हता. "अगं मग हे काय वाजतंय?" "म्हातारं झालंय मांजर." तो हसला नाही. दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून त्यानं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "एखादी लिफ्ट असा आवाज करायला लागली ना, तर मी लोकांना जिन्यानं पाठवतो." तिनं पर्स उचलली. जिन्यानंच तर जायचं होतं.

तर ही सकाळ आजची. शिंपिणीला आज बोलावलं होतं. कवच तयार होतं, बुबुळ रंगवायचं होतं, ते पक्कं करायचं होतं आणि संध्याकाळी सहाच्या बसनं डोळा घालून तिला परत जायचं होतं, कारण उद्यापासून कारखान्याच्या मालकानं तिला यंत्रावरून उठवून दुकानाच्या काउंटरवर उभं करायचं ठरवलं होतं. आठ दिवस रंगवणारीनं या दिवसाची तयारी केली होती. तिनं स्वतःवर प्रयोग केले. दोन ओढींऐवजी एक. मग एकीऐवजी अर्धी, म्हणजे पंप ओठांपासून लांब धरून, जे हवेत जाईल ते जाईल. पहाटे पाचला घेतला तर साडेनऊला हात जाग्यावर असतो. साडेआठला घेतला तर दहापर्यंत बोटं बोटांची नसतात. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला ती रेघा ओढून बघे, पंपाआधी, पंपानंतर दहा मिनिटं, वीस, चाळीस. नवऱ्याला वाटे मुलीची रांगोळी का काय. रेघांचा निकाल सरळ होता. पंपाशिवायचा हात सगळ्यात चांगला. पंपाशिवायचा हात एकोणिसाव्या वर्षाचा. म्हणून काल रात्रीपासून निळा पंप नाही. सकाळी मांजर ओरडलं तरी नाही. एकतिसाव्या पायरीवर ती बसली, चक्क पायरीवर बसली, दोन माणसं तिला ओलांडून गेली, आणि छाती थोडी सैल पडल्यावर रांगत म्हणावं तशी वर आली. नाही, रांगत नव्हे. कठडा धरून. पण आतून रांगत.

आणि काल संध्याकाळची ती गोष्ट. ती तिला आठवायचीच नव्हती आणि तीच तिच्याबरोबर पायऱ्या चढत होती. काल ती डॉक्टरणीकडे गेली होती, हात थांबायचं औषध मागायला. डॉक्टरीण तरुण, केस बांधायलाही वेळ नसलेली. "निळा पंप दिवसातनं किती वेळा?" "पाच. कधी सहा." डॉक्टरणीचं पेन थांबलं. "आणि दुसरा? रोजचा?" दुसरा पंप तिनं सहा महिन्यांपूर्वी बंद केला होता. स्वतःच्या अकलेनं. दोन्ही पंप सारखेच दिसतात, सारखेच फुसकारतात, हात हलतो तर निदान एक तरी कमी करू. आणि हा रोजचा घेऊन लगेच काही बरंही वाटत नाही, म्हणजे हाच निकामी. "अहो बाई," डॉक्टरीण म्हणाली, आणि तिचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता, "हात त्यानं हलतच नाही. हात ह्या निळ्यानं हलतो. तो रोजचा घेतला असतात तर ह्या निळ्याची एवढी गरजच पडली नसती. सोडायचा होता तो धरलात आणि धरायचा होता तो सोडलात." "मग आजपासून घेते," ती म्हणाली. "उद्यापर्यंत फरक पडेल? उद्या माझं एक मोठं काम आहे." डॉक्टरणीनं मान हलवली. आठवडे लागतात. दोन, तीन, कधी जास्त. तोवर निळा लागेल तेव्हा घ्यायचाच, लांब नळी लावून, सावकाश, आत ओढून दहा आकडे थांबायचं, घाई करायची नाही. रोजचा घेतल्यावर चूळ भरायची. "आणि धाप लागली तर अंगावर काढायची नाही. हात हलला तर हलू दे. समजलं?" समजलं. सहा महिने. सहा महिन्यांपूर्वी तिनं एक डबी कपाटात मागे ढकलली होती आणि त्या ढकलण्याच्या खाली ही सगळी रांग उभी होती, ती पट्टी, ते शिंपिणीचं वाक्य, तो संडासातला नळ. घरी येऊन तिनं रोजचा पंप घेतला, चूळ भरली आणि बेसिनला धरून उभी राहिली. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून नळ बंद केला आणि कुकर लावला.

शिंपीण वेळेवर आली. खिडकीसमोरच्या खुर्चीत बसली, काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आज चहा नाही ना झाला?" "नाही." "मग बरं. मला आता एकाच डोळ्यानं दिसतं ना, दोरा सुईच्या शेजारनं जातो आणि मला वाटतं ओवला. मी आपली ओढत बसते." ती हसली आणि तिच्या त्या उजव्या डोळ्याभोवती सुरकुत्यांचा पंखा उघडला. तपकिरी डोळा. काठाला काळसर, आत बाहुलीभोवती मधाच्या रंगाची झालर, आणि खाली नाकाच्या बाजूला एक गडद ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. असले ठिपके रंगवणारीला आवडत. ठिपका असला की डोळा कुणाचा तरी होतो. तिनं बुबुळाची चकती चिमट्यात धरली, कुंचला घेतला, हात पुढे केला. आणि हात

हलला नाही.

दगडासारखा. तिला स्वतःच्या हाताचं इतकं प्रेम आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून रंग दिसेना, म्हणून तिनं पापण्या मिटून उघडल्या. श्वास धरला. काठावरून आत पहिली रेघ. श्वास सोडला, आणि तिथंच कळलं की श्वास सोडणं ही गोष्ट आज सोपी नाही. दमेकऱ्याला हवा आत घेता येत नाही असं लोकांना वाटतं. आत येते, कशीबशी येते. बाहेर जात नाही. जुनी हवा आत बसून राहते, भाडं न देणाऱ्या माणसासारखी, आणि नव्या हवेला दारातून परत जावं लागतं. दुसरी रेघ. तिसरी. रेघा काय उतरत होत्या. एकीला पोट नाही, एकीचं शेपूट फाटलेलं नाही. दहा. वीस. काकांचा भाऊ म्हणायचा, बुबुळ म्हणजे सायकलचं चाक, फक्त प्रत्येक आरी वेगळ्या आईची. त्याचा तो कुंचला. त्याला कुणी विचारलं का कधी, कशानं हलतो हात? चाळीस. त्यालाही एखादा पंप असेल. त्यानंही कुठल्या जिन्यात भिंतीकडे तोंड

साठ. खांदे वर यायला लागले होते. मानेच्या शिरा ताणल्यासारख्या वाटत होत्या. "बरं वाटत नाही का?" शिंपिणीनं विचारलं. रंगवणारीनं मान हलवली, बोलायला हवा खर्च करायची नव्हती. "घाम आलाय तुम्हाला." पर्स पायाशी होती. पर्समध्ये पंप होता. हात खाली केला तर पाच सेकंद, ओढला तर दहा, मग पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी, आणि मग दीड तास हात गेला, रेघ गेली, सहाची बस गेली, "हात हलतोय तुमचा" आणि आतली खुर्ची करकरली की काका दारात. नको. शंभर रेघा झाल्या. अजून शंभर काढायच्या. एक

रेघ. थांब. ओठ बारीक करून हवा बाहेर ढकल, दिवा विझवल्यासारखी. एक

रेघ. मध आता. मधाची झालर, पिवळा थोडा, तांबूस थोडा. बोटं थंड पडली होती. कानात पाण्याखालचा आवाज. तिला वाटलं आपण कुठंतरी खोल गेलोय आणि तळाशी एक तपकिरी तळं आहे आणि त्यात उतरायचं नाही, फक्त काठाकाठानं चालायचं आहे. मुलगी लहान असताना विचारायची, आई, त्या ड्रॉवरमधले डोळे रात्री बघतात का? बघतात. काय बघतात? ड्रॉवर. शेवटचा ठिपका राहिला. तिनं शिंपिणीच्या डोळ्याकडे पाहिलं, ठिपका खाली उजव्या बाजूला दिसला, चकतीकडे पाहिलं, खाली उजव्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढा, टेकवला. झालं. झालं, झालं.

काका आले ते जमिनीवर पाय घासत, हल्ली येतात तसे. चकती त्यांनी तळहातावर घेतली, खिडकीशी नेली, भिंग लावलं. भिंग बराच वेळ लावलं. रंगवणारी टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी होती, तसं उभं राहिलं की थोडी हवा मिळते. "सुरेख," काका म्हणाले. मग शिंपिणीकडे वळून, "बघा बाई, हा हात मी घडवलाय. पंचवीस वर्षं झाली, रेघ अजून हलली नाही." शिंपीण रंगवणारीकडे पाहत राहिली. काही बोलली नाही. चांगली बाई.

मग चकती कवचात बसवायची, डोळ्याच्या पांढऱ्यावर शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू अंथरायचे, वर पारदर्शक थर ओतायचा. तो द्रव. तो वास. तिनं तोंडाला रुमाल बांधला, जसं काही रुमाल ऐकणार होता. साचा बंद करून तापत्या पाण्यात सोडला. एकदा हे झालं की आतलं काही हलत नाही. बुबुळ काचेत गोठल्यासारखं कायमचं. घड्याळात दोन वाजले, अडीच, तीन. ती संडासात गेली, नळ सोडला, पंप हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. कडा काकांकडून घासून घेऊन डोळा बसवायचा होता. अजून थोडं. आता छातीत शिट्टी वाजत नव्हती. म्हणजे बरं वाटतंय असा तिनं अर्थ काढला. वाजायलाही हवा लागते हे तिला माहीत होतं, पण माहीत असलेल्या गोष्टी त्या वेळी तिच्यापासून लांब उभ्या होत्या.

साडेतीनला तिनं डोळा बसवला. वरची पापणी उचलली, खालच्या पापणीत कड सरकवली, सोडलं. डोळा जागेवर बसला. हललाही थोडा, खऱ्याबरोबर. तिनं आरसा दिला. शिंपीण बघत राहिली. मग तिनं आरसा थोडा लांब धरला, मान या बाजूला, त्या बाजूला. कापडाची बेतलेली बाजू उलटीसुलटी बघतात तसं.

"रेघ तर रेघ आहे हो," ती हळू म्हणाली. "मशीनला जमणार नाही अशी." थांबली. "पण हा ठिपका... ह्या डोळ्यात नाकाकडे आहे ना? मग ह्यातही नाकाकडे नको का? हा कानाकडे गेलाय. दोन बाह्या एकाच हाताच्या शिवल्यासारखं झालंय."

रंगवणारीनं पाहिलं. उजव्या डोळ्यातलं उजवीकडे दिसतं ते डाव्या डोळ्यात डावीकडे काढायचं. नाकाकडचं नाकाकडे. पहिल्या दिवशी शिकवतात हे, कुंचला हातात द्यायच्याही आधी. दोन आरसे समोरासमोर धरून काकांनी तिला शिकवलं होतं. हजाराच्या आसपास डोळे केले तिनं, एकदाही नाही. हात एकदाही हलला नव्हता आज. एकही रेघ नाही. डोक्यात हवा नव्हती. हात वाचवता वाचवता तिनं डोकं बुडवलं होतं. आणि आता ते पक्कं झालं होतं, थराखाली, खरवडता न येण्यासारखं, आणि शिंपिणीच्या चेहऱ्यावर दोन डोळे होते, दोन्ही उजवे, एक खरा आणि एक फार सुंदर.

तिला म्हणायचं होतं, माफ करा. तोंड उघडलं आणि माफही आला नाही, कराही नाही. खोलीचे कोपरे काळे व्हायला लागले. शिंपिणीनं आरसा टाकला, खरंच टाकला, तो खुर्चीवर पडला, आणि पर्सकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यात आहे का? औषध आहे का ह्यात?" तिनंच पर्स उलटी केली. किल्ल्या, रुमाल, मुलीचा फॉर्म, निळा पंप, नळी. "सावकाश," शिंपीण म्हणाली. तिला काय माहीत होतं कोण जाणे, पण म्हणाली. रंगवणारीनं नळी लावली. दाबलं. ओढलं. एक, दोन, तीन, मोजताना आकडे हातातून निसटत होते, सहा, सात. सोडलं. पुन्हा. पुन्हा. नळ सोडलेला नव्हता, दार लावलेलं नव्हतं, आणि पंपाचा तो फुसकारा दोन्ही खोल्यांत स्पष्ट ऐकू गेला.

किती वेळ गेला. दोरीची एक गाठ सुटली. मग दुसरी. घुरघुर परत आली, आणि तिला त्या घुरघुरीचा इतका आनंद झाला. मग मोटार. काळीज सुटलं, गुडघे गेले, बोटं. तिनं हात टेबलावर ठेवले आणि ते टेबलावर नाचायला लागले, कुंचल्यांची बरणी किणकिणली.

"काय झालं गं?" आतून काका.

आता म्हणता आलं असतं, काही नाही. सर्दी. बरणी पडली. तीन वर्षांत शंभर खोटी कारणं तिच्या जिभेवर घासून गुळगुळीत झाली होती.

"चुकलं, काका," ती म्हणाली. "ठिपका उलटा पडलाय. मला दमा आहे. तीन वर्षं आहे. औषध घेतलं की हात हलतो, म्हणून आज घेतलं नव्हतं. आता घेतलंय." एवढं बोलून ती थांबली, कारण हवा संपली, आणि कारण सगळं संपलं असं तिला वाटलं.

काका दारात आले. दाराची चौकट धरून उभे राहिले. "उलटा कसा पडेल?" ते म्हणाले. "मी बघितलाय की तो. भिंगाखाली बघितला."

"हो," ती म्हणाली.

शिंपिणीनं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे, जिथं ऊन भरपूर होतं. मग तिनं पापणी खाली ओढून डोळा काढला, जसा काढायला तिला मघाशी शिकवलं होतं तसा, रुमालानं पुसला आणि उठून काकांच्या हातावर ठेवला. काकांनी खिशातून भिंग काढलं नाही. डोळा बोटांत फिरवला. अंगठा बुबुळावरून नेला, कडेवरून नेला, पुन्हा बुबुळावरून.

"बोटाला तर कुठंच चूक लागत नाही गं," ते म्हणाले. आणि त्या वाक्यातून काकांची विझत गेलेली नजर, ती तीन वर्षं, चार वर्षं, पाय घासत चालणं, फक्त घासकाम स्वतःकडे ठेवणं, खिडकीशी बराच वेळ लावलेलं ते भिंग, सगळं एकदम तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. ड्रॉवरमध्ये दोनशे डोळे होते. खोलीत माणसं तीन.

"किती वेळ हलतो?" काकांनी विचारलं.

"तासभर. दीड."

"आणि उद्या?"

"उद्याही. दोन-तीन आठवडे लागतील म्हणाली डॉक्टरीण. जास्तही."

"माझी बस सहाची," शिंपीण म्हणाली. मग खुर्चीत परत बसली आणि काळा चष्मा घातला. "नंतरची साडेनऊला आहे. ती रडतखडत जाते, पण जाते."

काकांनी डोळा मुठीत मिटला. रंगवणारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि तिथं तिला काहीच वाचता येईना. ज्या माणसानं सख्ख्या भावाच्या बोटांतून कुंचला काढून घेतला त्याच्या तोंडावर आता काय यायला हवं, हे बहुतेक त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी तो डोळा तिच्याकडे पुढे केला, तिच्या हातापासून वीतभर बाजूला, हवेत, जिथं कुणी नव्हतं. तिनं आपला थरथरता हात तिकडे नेला. तो डोळा आता कुणाच्याच कामाचा नव्हता, तरी शिंपिणीनं वाकून दोघांच्या हातांखाली ओंजळ धरली.